एक ते तीन पंखा बंद

सिल्के: कपाटाला कुलूप? बाबा, झाडं रात्रीची पळून जातात का?

ऑर्टविन: कायद्यात आहे. लहान मुलांच्या आणि परक्यांच्या हाती लागू नयेत असा बंदोबस्त पाहिजे.

सिल्के: या घरातलं शेवटचं लहान मूल मी होते. माझा बंदोबस्त तू केव्हाच केलास.

ऑर्टविन: झालं सुरू. जिना चढून आली नाही तोच. रोसविता, तुझ्या लेकीला सांग, मी हिला या खोलीत झाडं बघायला बोलावलंय, माझी उणीदुणी काढायला नाही.

रोसविता: मी कुणाला काही सांगणार नाही. मी पलंगावर पाय वर घेऊन बसलेय. तुमचं बापलेकीचं चालू द्या, फक्त आधी कपाट उघडा. आणि सिल्के, गाडी कुठं लावलीस?

सिल्के: खाली, त्या खालच्या मजल्यावरच्या लेशबाईच्या गुलाबांसमोर.

रोसविता: मग ती आता दिवसभर पडद्याआड उभी. असू दे. माझी बॅग भरून तयार आहे.

सिल्के: तेच म्हणते मी. तू फोनवर म्हणालीस, झाडं जळली, ये आणि मला ने. मी आले. आता ही तपासणी कसली?

रोसविता: ठरलंय ते ठरलंय. हे पीक हाती लागलं तर मी इथं हेर्नेतच राहणार, ऑर्टविनजवळ. नाही लागलं तर तुझ्याबरोबर म्युन्स्टरला. मला वाटलं सगळं संपलं. तुझा बाप म्हणतो, नाही संपलं. मग बघ आणि खरं काय ते सांग.

ऑर्टविन: काही झालेलं नाही त्यांना. उन्हाळा कडक आहे, इतकंच.

सिल्के: मग मला या कपाटापुढे कशाला बोलावलंस? इतकी वर्षं वाढदिवसाला फोन नाही, आणि चार पानं वाकडी झाली तशी लेक आठवली.

ऑर्टविन: तू त्या क्लबात सभासदांसाठी गांजाच लावतेस ना दिवसभर? नळ गळला की नळवाल्याला बोलावतात. तसंच हे.

सिल्के: नळवाल्याला निदान कॉफी विचारतात.

ऑर्टविन: किल्ली कुठं ठेवली मी... हां. बाजूला हो.

सिल्के: थांब. हे माझं कपाट आहे.

ऑर्टविन: कपाट घरचं आहे.

सिल्के: माझ्या खोलीतलं, माझं. याच कपाटात माझं एक झाड होतं. एकच, ढोपराएवढं. त्याच्यापायी तू मला घराबाहेर काढलंस आणि आता त्याच कपाटात स्वतःची तीन थाटलीस. जनाची नाही तर मनाची तरी ठेवायचीस.

ऑर्टविन: तेव्हा बंदी होती, आता परवानगी आहे. लाल दिव्याला थांबायचं, हिरव्याला निघायचं. यात मनाचा संबंध काय?

सिल्के: मी सिग्नल नव्हते, बाबा. मुलगी होते.

रोसविता: ऑर्टविन, कपाट उघड.

ऑर्टविन: हे बघ. तीन झाडं, एकालाही कीड नाही. आतून पांढरा रंग दिलाय, मागून भोक पाडून खेचणारा पंखा बसवलाय, त्याची नळी खिडकीतून बाहेर. वासाला गाळणी. भिंतीला तापमापक. तुझ्या क्लबात तरी असेल का इतकं टापटिपीचं?

सिल्के: टापटीप आहे खरी. दवाखान्याच्या शवागारात असते तशी. आणि तीनच का? आई पण सज्ञान आहे. कायद्याने माणशी तीन, तिची आणखी तीन लावता आली असती.

ऑर्टविन: तिची वेगळी ठेवायची तर वेगळं कुलूप लागलं असतं.

रोसविता: मला कुलूप नको होतं. मला झोप हवी होती.

सिल्के: आणि या शेंड्यांकडे बघ. पांढरेफटक. हे कधीपासून?

ऑर्टविन: ते चांगलं लक्षण आहे. चीक धरतोय. जितका पांढरा तितका जोरकस.

सिल्के: कुणी सांगितलं?

ऑर्टविन: दिसतंय ना.

सिल्के: दिसतंय तुला, तीस वर्षं नगरपालिकेसाठी लोकांचे कचऱ्याचे डबे उघडून बघण्यात गेली तुझी. प्लास्टिकच्या पिवळ्या डब्यात काच सापडली की दंड. झाडात काय सापडायचं ते तुला काय दिसणार? हा चीक नाही. उजेडाने रंग उडालाय, उन्हात राहिलेल्या पडद्याचा उडतो तसा. यात ना वास उरलाय ना गुण. दिवा किती उंचीवर टांगलास?

ऑर्टविन: पुस्तिकेत दिलंय तेवढ्या. टेप लावून मोजलंय.

सिल्के: कधी?

ऑर्टविन: लावला तेव्हा.

सिल्के: लावला तेव्हा झाड केवढं होतं?

ऑर्टविन: बोटभर.

सिल्के: मग झाड वाढतं हे पुस्तिकेत नव्हतं का?

ऑर्टविन: ते गृहीत आहे.

सिल्के: आणि दिवा वर घ्यायचा, ते गृहीत नाही. हात घाल. असा नाही, उलटा. मागची बाजू दिव्याकडे, शेंड्याच्या उंचीवर. धर तसाच. माझ्याशी बोलत राहा.

ऑर्टविन: काय बोलू?

सिल्के: आमच्या घराचे नियम काय काय होते ते म्हणून दाखव. तोंडपाठ असतील.

ऑर्टविन: जेवताना वाचायचं नाही, बूट दाराबाहेर... हं. गरम आहे.

सिल्के: काढलास हात? दोन नियमांतच? ती बिचारी दिवसभर उभी असतात त्याच्याखाली, आणि त्यांना हात मागे घेता येत नाही. हाताच्या पाठीला सोसेल तेवढंच पानाला सोसतं. याला पुस्तिका लागत नाही.

ऑर्टविन: ठीक आहे. दिवा वर घेतो. झालं समाधान?

सिल्के: आणि ही पानं खाली का लोंबलीत? पाणी किती घालतोस?

ऑर्टविन: सुकलेली दिसली म्हणून जरा वाढवलं. खतही दिलं. दुप्पट.

सिल्के: वा. म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ती दिव्याने हैराण, आणि तू त्यांना सक्तीचं जेवण वाढतोयस. माणूस तापात असला की त्याला बळेबळे डुकराचं मटण भरवतोस का?

रोसविता: मला भरवलं होतं एकदा.

ऑर्टविन: ताकद यावी म्हणून.

सिल्के: आता हे काय? इकडे ये, चष्मा लाव. फुलाच्या बगलेत हे पिवळं दिसतंय, चिमुकल्या केळ्यासारखं? बाईला दाढी फुटलीय. नराचं अंग आहे हे. उमललं असतं तर सगळ्या फुलांत बी धरली असती आणि आईला गांजाऐवजी पक्ष्यांचं खाणं मिळालं असतं. रात्री अंधारात कुणी दार उघडतं का याचं?

ऑर्टविन: मी बघून येतो झोपण्याआधी. विजेरी घेऊन.

सिल्के: काय बघतोस?

ऑर्टविन: तीनच आहेत ना.

सिल्के: तीनच म्हणजे?

ऑर्टविन: मोजतो.

सिल्के: आई, हा रोज रात्री विजेरी घेऊन झाडं मोजतो. रात्रीतून चौथं उगवून हा तुरुंगात जाईल म्हणून. बाबा, अंधार म्हणजे त्यांची झोप. झोपेत कुणी तोंडावर विजेरी मारली तर तूही बिथरशील. मादी झाडाला वाटतं दिवस संपत आले, आपलं काही खरं नाही, मग ती स्वतःच नर होऊन बसते. जगण्याची धडपड आहे ती.

ऑर्टविन: तीन झाडांना कसली आलीय झोप आणि धडपड. तुम्ही क्लबवाल्यांनी नुसतं स्तोम माजवलंय. आम्ही बागेत टोमॅटो लावायचो, कुणी त्यांना अंगाई म्हटली नाही.

सिल्के: टोमॅटो बागेत होते. बंद कपाटात कोंडले नव्हतेस. कोंडलं की मग ऊन, वारा, रात्र सगळं तूच. देव व्हायची हौस आहे ना, मग देवाची कामंही कर. चिमटा दे. हे मी काढून टाकते.

ऑर्टविन: चिमटा न्हाणीघरात आहे. स्टूलही आणतो दिव्यासाठी. येईपर्यंत कशाला हात लावू नकोस.

सिल्के: गेला. आई, मला एक कळत नाही. दिवा जवळ आहे म्हणून शेंडे गेले, ते ठीक. पण ही खालची पानं बघ, कडा वर वळून होड्या झाल्यात. ही दिव्याच्या उजेडाची नाही, उकाड्याची खूण आहे. आणि इथं काटा म्हणतोय सव्वीस. सव्वीसला झाड खुशीत असतं. पंखा चालू आहे, हवा खेचतोय. मग हा उकाडा येतो कुठून?

रोसविता: मला काय कळतंय त्यातलं. वाचतील का ते सांग.

सिल्के: तुला काय हवंय? वाचायला हवीत की नकोत?

रोसविता: मला रात्री झोप हवी, बाळा. संध्याकाळ झाली की पायात निखारे भरतात. गोळ्यांनी मी भिंतीशी बोलायला लागते. तुझ्याकडे राहिले तेव्हा तू ते गांजाचं चमचाभर लोणी पावावर लावून दिलंस, आणि मी सकाळपर्यंत मेल्यासारखी झोपले. तेवढंच हवंय.

सिल्के: मग चल की. मी घरी सांगून आलेय, खोली रिकामी केलीय. तू इथं राहिलीस तर ते लोणी मी तुला पाठवू शकत नाही, कारण हा ते घरात घेणार नाही. दुसऱ्याच्या नावावरचा माल. नियमात बसत नाही.

रोसविता: म्हणून तर त्याने स्वतः लावायला घेतलं. माझ्यासाठीच घेतलं ना. रोज तासभर त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसतो.

सिल्के: तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस. तेव्हाही घेतलीस.

रोसविता: बाजू नाही घेतली गं. काय झालं ते तूही जाणतेस. जिन्यात वास आला म्हणून कुणीतरी कळवलं, पोलीस आला. दारात उभा राहून त्याने एवढंच विचारलं, तुमच्या घरात काही आहे का. पोरगा तरुण होता, त्यालाही घाई होती. नाही म्हटलं असतं तर गेला असता.

सिल्के: आणि बाबा म्हणाला, आहे, या आत, डावीकडची दुसरी खोली.

रोसविता: त्याला खोटं बोलता येत नाही, सिल्के. घडणच तशी आहे. एखाद्याला पोहता येत नाही, एखाद्याला सुरात गाता येत नाही, तसं. मी हे मनाशी इतक्या वेळा म्हटलंय. तू गेल्यावर तुझ्या या पलंगावर बसून म्हटलंय. तो वाईट नाही, त्याला जमत नाही. नाहीतर मी कशी राहिले असते त्याच्याबरोबर?

सिल्के: माझी रोपवाटिकेतली उमेदवारी गेली. मालकाने कागद हातात दिले, म्हणाला, पोलिसांचं लफडं नको. दोन हिवाळे मी गोदामात खोकी उचलली.

रोसविता: माहीत आहे.

सिल्के: म्हणून सांगते, मी आता गप्प बसले तरी चालेल. दिवा वर घेतला तरी हा उकाडा आहेच कुठूनतरी. आणखी आठवडा दोन आठवडे, झाडं जातील. तू माझ्याकडे येशील. मला काही करायचीही गरज नाही.

रोसविता: बसशील गप्प?

सिल्के: बघू.

ऑर्टविन: हा चिमटा. हे स्टूल. साखळीचे आकडे जास्तीचे आणलेत, एकेक कडी मोजून वर घेऊ. किती घेऊ?

सिल्के: हातभर घे. आणि दिव्याचा जोर तिथल्या बटणाने कमी कर. हं, अजून. आता हात धरून बघ.

ऑर्टविन: सोसवतंय.

सिल्के: जळलेली पानं ओरबाडू नकोस, असू दे. ती अजून झाडाच्या कामाची आहेत. खत बंद. कुंडी हलकी लागल्याशिवाय पाणी नाही. आणि विजेरी माझ्या स्वाधीन कर.

ऑर्टविन: एवढंच होतं? यासाठी चेहरा एवढा लांब करून बसली होतीस?

सिल्के: एवढंच आहे असं मी म्हटलं नाही. हे तापमापकात सव्वीस दिसतंय, ते तू कधी बघतोस?

ऑर्टविन: सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला. ठरलेल्या वेळी. एकदाही अठ्ठावीसच्या वर गेलेलं नाही.

सिल्के: मग मला कळत नाही. एवढ्या वर्षांत मला झाडाचं कळलं नाही असं कधी झालं... तू काय करतोयस?

ऑर्टविन: एक वाजला.

सिल्के: मग?

ऑर्टविन: पंखा बंद करतोय.

सिल्के: पंखा का बंद करतोयस?

ऑर्टविन: दुपारची शांतता. एक ते तीन. जिन्यात पाटी आहे, येताना वाचली नाहीस? यंत्राचा, हातोडीचा, वाद्याचा आवाज करायचा नाही. हा खालच्या मजल्यावर घुमतो.

सिल्के: दिवा?

ऑर्टविन: दिव्याचा कुठं आवाज होतो. दिवा चालू राहतो, आठ ते आठ.

सिल्के: दार?

ऑर्टविन: दाराला कुलूप. मी पडतो जरा. माझा डोळा लागलेला असताना दार उघडं ठेवून कसं चालेल?

सिल्के: थांब, थांब. मला एकदा नीट समजू दे. जुलै महिना. छपराखालची खोली. दुपारी एक वाजता, कौलं तापून लाल झालेली असताना, तू पंखा बंद करतोस, दिवा चालू ठेवतोस, दाराला कुलूप लावतोस आणि झोपायला जातोस.

ऑर्टविन: दोन तासांचा तर प्रश्न.

सिल्के: आणि रविवारी? रविवारी तर दिवसभर शांतता.

ऑर्टविन: रविवारी मी दार किलकिलं ठेवतो. साखळी लावून. रविवारी काटाही बघत नाही.

सिल्के: दिवसभर पंखा बंद?

ऑर्टविन: रविवार आहे ना.

सिल्के: आई, ऐकलंस? मी इथं डोकं खाजवत बसलेय. क्लबात पोरं येतात माझ्याकडे शिकायला. कुणाचा पंखा जळतो, कुणाचा दिवा बिघडतो, कुणी कंजुषी करतो. पण झाडांना रविवार पाळायला लावणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. ती करतात काय बाबा रविवारी? चर्चला जातात?

ऑर्टविन: चेष्टा करायचं काम नाही. शेजारी राहतात.

सिल्के: दार लाव. लाव, लाव, कुलूपही लाव. तुझ्या पद्धतीने. आता आपण तिघं इथं बसू आणि आईने केलेला आलुबुखाराचा केक खाऊ. मग उघडून काटा बघू. तू कधी बघितलाच नाहीस ना या वेळेला? तुझे आकडे सगळे जागेपणीचे.

रोसविता: केक स्वयंपाकघरात आहे. मलई पण आण. ऑर्टविन, बस जरा. उभ्याने कोसळशील.

ऑर्टविन: मी उभाच बरा आहे.

सिल्के: खा बाबा. केक झकास झालाय. आई, तुझ्या हाताला अजून गोडी आहे. ... चल, बास झालं एवढं. उघड आता. तोंड मागे घे, वाफ येईल. काय म्हणतोय काटा?

ऑर्टविन: अडतीस.

सिल्के: अजून केकचा दुसरा तुकडा संपला नाही. तीन वाजेपर्यंत किती होत असेल?

ऑर्टविन: बिघडला असेल काटा.

सिल्के: सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. आत हात घाल, तो तर बिघडला नाही? पानांकडे बघ. बसल्या बसल्या कडा वर वळल्या. हाच तो उकाडा. बाहेरचा उन्हाळा नाही, तुझी पाटी आहे ही.

रोसविता: सिल्के, आता खरं सांग. वाचतील?

सिल्के: वाचतील. पंखा चालू राहिला तर. पुढे दिवा दिवसाचा बंद ठेवायचा आणि रात्री लावायचा, म्हणजे दिव्याची गरमी गार हवेत निघून जाईल आणि दिवसा ती पडदे ओढून झोपतील. फुलं अजून भरायची आहेत. शेंड्याची गेली ती गेली, बाकीची येतील. आईला वर्षभर पुरेल.

ऑर्टविन: रात्री दिवा म्हणजे रात्री पंखा.

सिल्के: हो.

ऑर्टविन: दहा ते सहा रात्रीची शांतता आहे.

सिल्के: पंखा रबराच्या पट्ट्यांना लटकव, भिंतीला घुमणार नाही. तरी थोडी घरघर राहील. तेवढी राहील. मग ठरव. झाडं हवीत की पाटी.

ऑर्टविन: मला एक सांग. तू आईला न्यायला आली होतीस. काही बोलली नसतीस तर ती आज तुझ्या गाडीत असती.

सिल्के: असती.

ऑर्टविन: मग का बोललीस?

सिल्के: माझं भांडण तुझ्याशी आहे, झाडांशी नाही. कोंडलेलं झाड तडफडताना बघवत नाही मला. तुला बघवतं, तो तुझा गुण.

(ऑर्टविन पंख्याच्या बटणासमोर जाऊन उभा राहतो.)

सिल्के: आता काय नुसता बटणाकडे बघत उभा आहेस? बटण चावत नाही.

ऑर्टविन: सव्वा वाजलाय.

रोसविता: ऑर्टविन, माझे पाय.

ऑर्टविन: हे घे. लावला. झालं? ऐक, कसा घुमतोय. सगळ्या जिन्यात ऐकू जात असेल.

सिल्के: जाऊ दे. काटा बघ, उतरायला लागला. छत्तीस. ही वरची पानं पाच मिनिटांत सरळ होतात की नाही बघ.

रोसविता: बेल वाजली.

सिल्के: लेशबाई. पडद्याआडून निघून जिना चढेपर्यंत एवढाच वेळ लागतो तिला.

रोसविता: बसा तुम्ही. मी बघते.

ऑर्टविन: नाही. मी जातो.

(खोलीचं दार उघडंच आहे. बोलणं आत ऐकू येतं.)

लेशबाई: माफ करा हं, कालिनोव्स्कीसाहेब. मी कधी तक्रार करत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण वरून घुर्र घुर्र आवाज येतोय. पंखा वगैरे चालू आहे का? सव्वा वाजून गेला. तुमच्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं.

ऑर्टविन: पंखा नाही, लेशबाई. रोसविताचं यंत्र आहे. पायांचं. नवीन आणलंय.

लेशबाई: पायांचं?

ऑर्टविन: नसांना शेक देतं. डॉक्टरांनी लिहून दिलंय, दुपारी आणि रात्री लावायचं म्हणून. वैद्यकीय उपकरणाला शांततेचा नियम लागत नाही. मी नगरपालिकेत विचारून घेतलंय. लेखी आहे.

लेशबाई: अरे देवा. मला माहीत नव्हतं. फार त्रास आहे का त्यांना?

ऑर्टविन: हल्ली वाढलाय. तुम्हाला आधी कळवायला हवं होतं, चूक माझी. आवाज कमी व्हावा म्हणून मी खाली रबर घालणार आहे.

लेशबाई: छे छे, यंत्र आहे म्हटल्यावर काय. त्यांना सांभाळा. मी उद्या थोडं सूप पाठवते.

ऑर्टविन: आभारी आहे. जिन्यातला दिवा गेलाय, जपून उतरा.

सिल्के: आई. तू ऐकलंस? लेखी आहे म्हणाला. रबर घालणार म्हणाला. बाबा, अरे, तू तर सराईत निघालास. एक शब्द अडखळला नाहीस.

ऑर्टविन: गेली. सूप पाठवणार आहे.

सिल्के: मला खरंच हसू येतंय. मघापासून तुला नाही नाही ते बोलले, तेवढं परत घेत नाही मी, पण हे मात्र मानलं. काटा बघ, तीस. आणि ही पानं बघ कशी वर उचलली गेलीत, हात जोडल्यासारखी. अशी उचलली की समजायचं, बरं वाटतंय त्यांना. जमलं बाबा तुला.

ऑर्टविन: मग, रोसविता? वाचली. तुझ्या लेकीनेच सांगितलं. बॅग उघडू का?

रोसविता: किती सहज बोललास.

ऑर्टविन: तिला काहीतरी सांगणं भाग होतं. पंखा बंद करावा लागला असता.

रोसविता: हो ना. सिल्के, मला हात दे. उठव.

सिल्के: कुठं जायचंय? न्हाणीघरात?

रोसविता: माझी बॅग घे. तो निळा स्वेटर खुंटीला आहे, तोही.

सिल्के: आई, अगं, झाडं वाचली. मी खरंच सांगतेय, उगीच नाही. राहिलीस तरी चालेल. मी येत जाईन बघायला.

रोसविता: झाडं चांगली येतील. ऑर्टविन त्यांची काळजी घेईल.

ऑर्टविन: रोसविता, असं ठरलं नव्हतं. झाडं वाचली तर तू राहणार असं ठरलं होतं. मी तुझ्यासाठी खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. तुझ्यासाठी.

रोसविता: माहीत आहे रे. म्हणून तर. मला इतकी वर्षं वाटत होतं, तुला जमत नाही.